चार इंची पाइपातली गिरणा

"आडवा धर माय, आडवा! उभा धरशी तं बठ्ठी नदी खाले वाही जाई!"

जळगाव स्टेशनावर नाना, म्हणजे माझे वडील, असे ओरडले की भुसावळला उभी असलेली गाडी घाबरून सिग्नलाआधीच सुटली म्हणे. माझ्या खांद्यावर चार इंची पाइप होता आणि त्यात गुंडाळलेली गिरणा. नाना भडगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले, ब्रश वाळले. मग त्यांनी एका जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या पाठीवर, महिनाभर काठावर ठाण मांडून, गावाजवळचं गिरणा नदीचं वळण रंगवलं. चित्र इतकं ओलं, की आईनं खाली घमेलं ठेवलं होतं. "डोयाले दिसस तेच काढस मी," एवढंच नानांचं कलाशास्त्र.

मी पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवायला आले. इथं सोसायटीचं नाव 'हिल व्ह्यू' असतं आणि टेकडी कापून पार्किंग केलेलं असतं. वर्षभर प्रोबेशन, शेवटी एक डेमो तास. जमला तर नोकरी कायम, नाहीतर पाइपासकट परत.

त्या दिवशी प्रिन्सिपल मॅडम मागच्या बाकावर पेन उघडून बसल्या. मी नानांची गिरणा फळ्यावर टांगली. सांगितलं, नदी वळणाचा बाहेरचा काठ कापते, तिथं कडा होतो. आतल्या काठाला वाळू टाकते. पोरं चित्रावर तुटून पडली. तेवढ्यात पहिल्या बाकावरची अन्वी म्हणाली, "मॅम, इथं तर आतल्या काठालाच कडा आहे. वाळू कुठाय?"

खरंच की! रोज पाहिलेलं चित्र, आणि मला दिसलं नव्हतं. माझ्या पाठीवरून घामाची तापी वाहिली, दोन्ही थडी भरून. मॅडमचं पेन कागदावर टेकलं.

"शाबास!" मी म्हणाले. "चित्रकाराची चूक कोण पकडतंय, तेच बघत होते."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही. मी कायम झाले.

तुम्ही गावी राहिलेले, तुम्ही माझ्यासारखे निघालेले, तुम्हालाही कुणी विचारत असेल, घर कुठं? मी त्या वळणावर बोट ठेवायचे. त्या संध्याकाळी तिथं बोट ठेववेना. फोन लावला. नोकरीचं सांगितलं, मग हळूच म्हटलं, "नाना, आतल्या काठाला कडा कसा काढला? तिथं वाळू असते ना?"

"व्हती," नाना म्हणाले. "ट्रॅक्टर भरी भरी लई ग्यात."