कोरडी आब्रा

जुन्या नावेचं तिकीट काढताना ती कोणी बांधली, असं तुम्ही कधी विचारलंय?

मीही विचारलं नसतं. पण ही आब्रा, म्हणजे खाडी ओलांडायची लाकडी नाव, माझ्या अब्बांनी बांधलेली. आखातातल्या देराच्या खाडीत वीसेक वर्षं तिनं माणसं या काठावरून त्या काठावर नेली. मग एका टूर कंपनीनं ती घेतली, पॉलिश करून हॉटेलच्या दारात उन्हात मांडली आणि या हिवाळ्यात ट्रकवर घालून उत्तरेच्या डोंगरातल्या तलावावर नेली. ‘ऐतिहासिक जलसफर’! अब्बांना बोलावणं आलं. इस्त्रीचा शर्ट घालत ते मला म्हणाले, "चल, फलकावर माझं नाव घातलं असेल."

फलकावर लाकडाची जात होती, लांबी होती, साल होतं. माणूस नव्हता.

अब्बांनी वाकून फळ्यांच्या सांध्यात नख घातलं. नख आत गेलं. आमच्या रत्नागिरीत उन्हात राहिलेली होडी आधी पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, सांधे मिटतात, मगच माणूस चढतो.

"साहब, दो दिन पानी पीने दो इसको," ते मॅनेजरला म्हणाले.

"चाचा, गेस्ट आ गए हैं. दो दिन पार्किंग में सुलाऊँ क्या इनको? यल्ला, यल्ला!"

सगळे हसत हसत चढले. अब्बा आणि मीही चढलो.

तलावाच्या मधोमध पाणी घोट्यापर्यंत आलं. मुलं किंचाळायला लागली. अब्बांनी माझी ओढणी घेऊन फाडली, चिंध्या पिळून एकेका सांध्यात ठोकल्या. मी कुणाच्या तरी डब्यानं पाणी उपसत होते. कशीबशी नाव काठाला लागली आणि मॅनेजरनं माइक उचलला.

"सॉरी, सॉरी! पुराने मिस्त्री का काम है ना, ऐसा होता है."

मिस्त्री त्याच्या पायाशी बसला होता, भिजलेल्या पँटनं.

"हेच ते मिस्त्री! यांनीच वाचवलं तुम्हाला!" मी ओरडले.

अब्बांनी माझं मनगट धरलं. "खलास, बेटा. माझा व्हिसा या मॅनेजरच्या ओळखीतल्या माणसाच्या हातात आहे."



दुसऱ्या दिवशी कंपनीनं आब्रा भिजत घातली. बरोबर दोन दिवस. अब्बांना कुणी कळवलंही नाही.

आता तिथं शनिवारी रांग लागते. गेलात, तर चढण्याआधी फलकासमोर उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: ही बांधली कोणी? उत्तर मिळेपर्यंत तिकीट काढू नका.