आशोरकोर आंटीची गुळणी

आमच्या गल्लीत उठायला कोणी घड्याळ लावत नाही. सकाळी आशोरकोर आंटी आपल्या तीन मुलांना हाक मारते आणि त्या हाकेने ते तिघे सोडून सगळे उठतात. आमच्या तेशी गावच्या किनाऱ्यावर मासे धुरी देऊन विकणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्या धंद्यात आवाज लागतोच. पण बाकीच्या बायका डोक्यावर परात घेऊन गिऱ्हाइकाकडे जातात. आंटी भट्टीपाशी उभी राहते आणि गिऱ्हाईक येतं.

माझं शिलाईचं मशीन तिच्या दारासमोरच आहे, त्यामुळे त्या घरातलं मला सगळं ऐकू येतं. तिच्या नवऱ्याचं तेवढं येत नाही. तो होडीवर असतो, आणि घरी आला की जाळं दुरुस्त करतो. त्याला बोलताना मी दोनदा ऐकलं आहे. एकदा तो ‘हो’ म्हणाला होता.

मुलं तीन. ओको आणि आकुएते ही जुळी, तेरा वर्षांची. त्यांच्या पाठचा ताविया अकरा वर्षांचा. जुळ्यांच्या पाठीवर जो येतो त्याचं नाव ताविया हे ठरलेलंच असतं, आईबापांना विचार करावा लागत नाही. तावियाच्या बाबतीत पुढेही कोणी फारसा केला नाही.

तिघेही फुटबॉल खेळतात. माशांच्या दोन भट्ट्या म्हणजे गोलाचे दोन खांब. चेंडू वारंवार माशांच्या जाळीवर पडत असल्यामुळे त्यालाही धूर लागलेला आहे, आणि या घरचा पास डोळे मिटून ओळखता येतो असं इतर पोरं सांगतात. घरात सहा पाय आणि पाच मोजे आहेत. सहावा कुठे गेला हे दोन वर्षांत कळलेलं नाही. रोज सकाळी नव्याने शोध होतो. संघाचे शर्ट मी शिवले आहेत, एका मयतीच्या उरलेल्या लाल कापडातून; मयतीला आमच्याकडे लाल घालतात. ते आंटी शनिवारी धुते, तेव्हा गल्लीतून लाल ओहोळ वाहतो आणि नवखी माणसं थबकतात.

जुळ्यांमध्ये दुजाभाव केला तर घराला ते लाभत नाही, हे आमच्याकडे मांजरालाही ठाऊक असतं. आंटी तर या बाबतीत फार कडक. ओकोला अंडं, तर आकुएतेला अंडं. ओकोचा गुडघा फुटला की आकुएतेच्याही गुडघ्याला पट्टी. बिचाऱ्या लार्येआ कोचला एकाला बाहेर बसवायचं तर दुसऱ्यालाही बसवावं लागतं. एकदा पंचाने ओकोला हाकलून दिलं, तर आकुएते आपणहून मैदानाबाहेर आला. आई बघत होती.

ती बघते ती गोलामागून. तिथे माशांची परात पालथी घालून बसते, कारण गोलात ताविया असतो.

“डावीकडे! अरे, डावीकडे सरक! बापासारखा नुसता बघत काय बसलास!”

ताविया सरकतो आणि चेंडू अडवतो. दोन वर्षं असं चाललेलं होतं. पोराचे हात आणि आईचा घसा, असा एक गोलरक्षक आमच्या संघाकडे आहे असं सगळे म्हणत.

पण मका पेरून झाला की आमच्याकडे गावाने महिनाभर गप्प राहायचं असतं. ढोल नाही, टाळ्या नाहीत, भोंगे नाहीत. देवाला निवांतपणा लागतो आणि मक्याला रुजायला. त्या महिन्यात आंटी पोरांना हाक न मारता तोंडावर पाणी मारून उठवते, आणि गल्लीतली अर्धी माणसं कामावर उशिरा पोहोचतात. या वर्षी नेमका त्याच महिन्यात शेजारच्या नुंगुआ गावच्या पोरांशी सामना ठरला. मोठे सामने आम्ही मंगळवारीच ठेवतो, कारण मंगळवारी होड्या पाण्यात जात नाहीत आणि बापमंडळी मोकळी असतात. मंगळवार बरोबर धरला, महिना चुकला. नुंगुआचं मौन आधीच संपलं होतं, त्यामुळे त्यांना आमच्याची आठवण नव्हती. आमच्या कोचलाही नव्हती, पण तो हे कबूल करत नाही.

मैदान पडतं पुजाऱ्याच्या घराला लागून. त्या घरचे कारभारी आताआ बोर्तेई, वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत. कोच त्यांच्या पाया पडला, दारूची बाटली ठेवली आणि परवानगी घेऊन सरळ भट्टीपाशी आला.

“आंटी, मंगळवारी तुम्ही घरीच थांबा.”

“का? माझी पोरं खेळत नाहीत का?”

“खेळतात ना. पण शिट्टी नाही, टाळी नाही, ओरडणं नाही, असं ठरलंय. ज्या बाजूचं माणूस ओरडेल ती बाजू हरली. आणि कोण ओरडणार तेही म्हाताऱ्याने आधीच सांगून ठेवलंय.”

“माझं नाव घेतलं?”

“नाव नाही घेतलं. ‘ती मासेवाली’ म्हणाले.”

“तेशीत चारशे मासेवाल्या आहेत.”

“मीही तेच म्हणालो. ते म्हणाले, ‘पण तुला कळलं ना कोण ते?’”

आंटीने जाळीवरचे मासे उलटले. “पोरांचा एक सामना मी चुकवलेला नाही. पोटात ताविया होता तेव्हासुद्धा नवऱ्याचा सामना बघायला गेले होते. येणार.”

ताविया चेंडू पोटाशी धरून ऐकत होता. “आवो,” तो म्हणाला, आईला आमच्याकडे आवोच म्हणतात, “पण तू ओरडली नाहीस तर मी गोलात काय करू?”

कोच तसा सरळ माणूस आहे. तो पोरासमोर उकिडवा बसला. “हे बघ ताविया. आईच्या आवाजावर गोल राखणारा मुलगा मला फार दिवस चालायचा नाही. मंगळवारी आवाजाशिवाय राखलास तर जागा तुझी. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यापासून बर्फवाल्याचा पोरगा उभा राहील.”

त्या संध्याकाळी ताविया दोनच केंकी जेवला. मक्याचे चार गोळे मिरचीच्या चटणीबरोबर संपवून भावांच्या पानात बघणारा पोरगा! आंटीने ते पाहिलं आणि माझ्या मशीनपाशी येऊन बसली.

“तोंड बंद ठेवायला काय करतात रे?”

“दोन टाके घालून देऊ का?” मी म्हणालो. “शेजारधर्म म्हणून फुकट.”

“आधी ओकोच्या चड्डीची शिवण धड घाल. मागच्या सामन्यात सगळ्या गावाने पाहिली.”

तिने आपले उपाय करून पाहिले. तोंडात केंकी धरली, ती गिळली गेली. फडकं धरलं, त्याच्याआडूनही ती ओरडू शकते असं सिद्ध झालं. शेवटी पाणी. तोंडात पाण्याची गुळणी धरली की ओरडता येत नाही, ओरडायचं तर आधी ती सोडावी लागते, आणि तेवढ्यात माणसाला अक्कल येते, असा तिचा हिशोब होता. सोमवारी तिने गुळणी धरून धंदा केला. गिऱ्हाइकं समोरून निघून गेली. एका बाईने हळूच मला विचारलं, घरात कोणी गेलं का. दुपारी जुळे एका मोज्यावरून भांडायला लागले, आणि आई काहीच बोलत नाही हे लक्षात येताच इतके घाबरले की दोघांनी मोजा तावियाला देऊन टाकला.

मंगळवारी सगळं गाव मैदानावर होतं. नुंगुआची मंडळी ढोल घेऊन आली होती. तो पुजाऱ्याच्या माणसांनी काढून घेतला, चादरीत गुंडाळला आणि झाडाखाली निजवला. आंटी आपल्या परातीवर बसली, शेजारी पाण्याची बादली आणि पेला. आताआ बोर्तेईंनी आपली खुर्ची उचलायला लावली आणि बरोबर तिच्या शेजारी मांडली.

“खेळ इथून चांगला दिसतो,” ते म्हणाले.

आंटीने मान हलवली. गुळणी धरलेली होती.

पंचाकडे शिट्टीऐवजी पांढरा रुमाल होता. रुमाल कोणी बघत नाही. मध्यंतर झाल्यावर दोन्ही संघ आणखी चार मिनिटं खेळत राहिले, आणि शेवटी पंचाने चेंडू उचलून घेतला तेव्हा त्याच्यावरच हाताने खेळल्याचा आरोप झाला. त्याआधी ओकोने गोल केला होता. तीनशे माणसांनी हात वर केले, तोंडं उघडली आणि तशीच मिटली. एका म्हाताऱ्याला शिंक आली, ती त्याने टोपीत दिली.

गोल झाल्यावर ओकोने आईकडे पाहिलं. आईने एक बोट दाखवलं, मग ते आकुएतेकडे वळवलं. ओकोला कळलं. तिथून पुढे तो प्रत्येक चेंडू भावाला देत राहिला, आणि भाऊ तो खांबाबाहेर मारत राहिला. माझ्या शेजारी कोच शर्टाची बाही चावत होता. मीच शिवलेली होती, त्यामुळे मला जरा वाईट वाटलं.

शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलासमोर चेंडू उंच आला आणि आकुएतेने तो दोन्ही हातांनी झेलला. का, ते त्याला अजून सांगता आलेलं नाही. पंचाने रुमाल हलवला. पेनल्टी. एकाने गोल केला, एकाने घालवायची व्यवस्था केली; दुजाभाव उरला नाही.

नुंगुआचा सगळ्यात उंच पोरगा पुढे आला. चेंडू ठेवला. तावियाने मागे वळून आईकडे पाहिलं. आंटी परातीवरून उठून उभी राहिली होती. गाल फुगलेले, डोळे बाहेर, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. आताआ बोर्तेई खेळ सोडून तिच्याकडेच बघत होते. सगळं गावच तिच्याकडे बघत होतं. मैदान इतकं शांत की समुद्र ऐकू येत होता. तावियाने हात पँटला पुसले आणि पुढे वळला.

उंच पोरगा चार पावलं मागे गेला, धावला, आणि मध्येच त्याची नजर गोलामागे गेली. तो अडखळला. पुन्हा धावला आणि मारलं. ताविया उजवीकडे आडवा झाला. चेंडू त्याच्या छातीवर आपटला आणि तिथेच राहिला.

आणि आंटीची गुळणी सुटली. सकाळपासूनचं सगळं एकदम. ती आताआ बोर्तेईंच्या तोंडावर, चष्म्यावर आणि पांढऱ्या अंगरख्यावर गेली.

“आवाज झाला!” नुंगुआचा कोच कुजबुजत धावत आला. “मी ऐकला. ‘फुर्र’ असा झाला!”

आताआंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ढोल वाजला?”

“नाही.”

“टाळी?”

“नाही.”

“बाई ओरडली?”

“नाही, पण फुर्र...”

“मौनात पाणी वाहायला बंदी नाही,” आताआ म्हणाले. “बाईने पाणी वाहिलं. सामना तेशीने जिंकला.” मग ते आंटीकडे वळले. “मात्र पाणी जमिनीवर वाहतात, पोरी, आणि गेलेल्यांना वाहतात. मी अजून आहे.”

घरी जाताना आंटी तावियाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. कोच आणि मी मागे. मैदान लांब राहिल्यावर ती म्हणाली, “बघितलंस? मी मनातल्या मनात ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणत होते. तुला बरोबर पोचलं.”

“मी उजवीकडे गेलो, आवो.”

ती थांबली. “मग ही दोन वर्षं मी जे ओरडते ते?”

“ते मी ऐकत नाही,” ताविया म्हणाला. “पण तू ओरडलीस ना, की मारणारा तुझ्याकडे बघतो. तेवढ्यात मला त्याचा पाय दिसतो. आज वाटलं, तू गप्प, म्हणजे संपलं. पण तुझे गाल बघून तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.”

आंटी पुन्हा चालू लागली. खांद्यावरचा हात मात्र तिथेच होता.

“जागा तुझी,” कोच मागून म्हणाला. थोडा विचार करून पुढे म्हणाला, “आणि आंटी, पुढच्या मंगळवारी बादली मी आणतो.”

दाराशी आल्यावर आंटीने तिन्ही पोरांना ओळीत उभं केलं आणि त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“सकाळी पाच मोजे होते,” ती म्हणाली. मौनाचा महिना होता म्हणून हळूच म्हणाली.

“आंटी, एक मैदानावर पडलाय!” पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी उत्तर दिलं.