तिची हाक गेममध्ये घातली

बाभळीचा काटा होता. मेंढीच्या खुरात मोडलेला. बायकोनं मेंढीचं मुंडकं मांडीवर दाबून धरलं आणि मी चिमट्यानं काटा ओढला.

"निघाला का?"

"निघाला."

एवढंच बोलणं. आमी दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. मेंढी सोडली आणि मालकाची जीप बांधावर आली.

मालक म्हणजे ज्यांच्या रानात आमची मेंढरं बसायची ते. तलवाड्याच्या शिवारात त्यांची लई जमीन. मेंढरं रात्री रानात बसवली की खत पडतं. त्याच्या बदल्यात आमाला ज्वारी आणि पाल ठोकायला जागा. गावातलं राजकारण त्यांच्याच ओट्यावर ठरतं.

जीपमधून मालकासंगं पुण्याची एक मॅडम उतरली. कॅमेरेवाले दोघं उतरले.

"ये धनगरा," मालक म्हणाले, "बायकोला हिकडं पाठव. फोटो काढायचेत हिचे."

मॅडमनं सांगितलं ते असं. त्यांची कंपनी कॉम्प्युटरवर खेळायचा मोठा गेम बनवायलीय. पुढच्या काळातलं शहर. माणसांच्या हातापायात यंत्रं, भिंतीएवढाले दिवे. त्यात आपल्याकडची खरी माणसं दाखवायची. "आजींसारखा चेहरा अजून कुठल्याच गेममध्ये आलेला नाही," म्हणाली. बायकोला त्यातलं एकच कळलं. फोटो काढणार. ती पालात गेली. लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून, केस चोपून, कपाळभर कुंकू लावून बाहेर आली.

मॅडमनं बघितलं. "अरे, नको नको. मघाचंच नेसा ना. आणि तोंडाला थोडी माती लावाल का?"

बायको थांबली.

मालक म्हणाले, "लाव की. मातीतलीच हाईस."

सगळे हसले. तिनं जुनं लुगडं नेसलं. खाली वाकून माती घेतली आणि गालाला लावली. हळद लावतात तशी. दोन्ही गालांना, नीट.

मग तिला स्टुलावर बसवलं. कॅमेरेवाले भोवतीनं फिरायले. "आजी, रागवा. अजून रागवा. दात दाखवा." तिला राग येईना. कशाचा यावा? माईक म्हणून त्यांनी काठीला केसाळ बोंडूक लावलेलं. ती म्हणाली, "ह्ये काय बाई, मुंगूस बांधलंय का काठीला?" आणि तिला हसू आवरंना. पदर तोंडात कोंबून हसायली.

मालक वरडले, "हसती काय गं? दात काढायला आणलंय का तुला? लाज हाय का?"

तिचं हसू गेलं. तोंड आवळलं, डोळे बारीक झाले. खालचा ओठ थरथरायला.

"हां!" मॅडम म्हणाली. "हाच चेहरा. हलू नका."

खटाखट फोटो काढले.

मग आवाज. मेंढरं बोलवा म्हणाले. आमच्यात मेंढरं तिच्या हाकेवर चालायची, माझ्या न्हाई. टाळूला जीभ लावून आधी एक हुर्रर्र काढायची, मग लांब सूर. मैलभरावरनं मेंढरू मान वर करायचं. तिनं हाक दिली. मेंढरं धावत आली, तिला घेरून उभी राहिली.

"परत," मॅडम म्हणाली.

मेंढरं मागं हाकलली. परत हाक. परत आली. "अजून एकदा." असं लई वेळा झालं. बायको घाबरीघुबरी व्हायली. आमच्यात एक रीत हाय. रिकामी हाक मारायची न्हाई. हाक मारली तर पुढं पाणी पाहिजे, न्हाईतर पाला, न्हाईतर बिऱ्हाड हलवायचं पाहिजे. मुक्या जिवाला नुसतं बोलावून काहीच द्यायचं न्हाई, ह्याला आमी फसवणं म्हणतो. एकदा फसवलं की मेंढरू परत इश्वास ठेवत न्हाई. म्हणून ती दर हाकेला लुगड्याच्या वट्यातनं शेंगा काढायली आणि एकेकीच्या तोंडात घालायली. वटा संपला तेव्हा तिनं भाकरी आणली. आमच्या दुपारच्या भाकरी. मेंढरांना कुस्करून घातल्या.

कॅमेरेवाले म्हणाले, "आजी लई क्यूट हायेत."

जीप गेली. सांजच्याला तिला ताप भरला. तालुक्याला दवाखान्यात नेलं. सुया झाल्या, बाटल्या झाल्या. ती उठली न्हाई. अमावास्येच्या आत गेली. मी रडलो का न्हाई, मला ठावं न्हाई. लोक म्हणतात, दगडासारखा बसलता.

मेंढरं माझ्या आवाजावर येईनात. काठीनं वळवत होतो. दिवस जात होते.

मग एक दिवस तलवाड्यात रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललतो. सलूनच्या समोर आलो आणि आतनं तिची हाक आली.

हुर्रर्र. मग लांब सूर.

सगळी मेंढरं वळली. एकदम. सलूनच्या पायरीवर चढली, आत घुसली, एकमेकीवर चढून माना वर करून बघायली. एकजण दाढीला साबण लावून बसलेला, तो खुर्चीवर उभा राहिला. पोरं मोबाईलवर काय तरी बघत होती, ती खदाखदा हसायली.

"आजोबा, तुमची मेंढरं बी गेमची वाट बघायलीत की!"

"कटिंग मारायला आल्यात बे, बसव खुर्चीवर!"

मी दारात उभा. म्हणालो, "ती हाक कुठनं आली?"

सलूनवाल्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. यायच्या गेमचा तुकडा, नुसती झलक दाखवायला सोडलेला. अंधारं शहर, निळेजांभळे दिवे, उंच भिंत. भिंतीबाहेर उकिरडा. उकिरड्यावर एक म्हातारी, एक डोळा लोखंडाचा, गालाला माती. तोंड आवळलेलं, ओठ थरथरायलेला. ती हाक देते. रस्त्यानं जाणारी माणसं हाकेला भुलून जवळ येतात. मग उकिरड्यातनं चोर निघतात, माणसांना मारतात, त्यांची यंत्रं ओरबाडून घेतात. मग गेमचा हिरो येतो आणि म्हातारीच्या डोक्यात गोळी घालतो. म्हातारी पडते. वर आकडे उमटतात, हिरोला मिळालेले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो तुकडा पाठ होता. लई दिवसांपासून वाट बघत होती. त्यात मराठी बोलतात म्हणून त्यांना अभिमान होता.

एकजण म्हणायला, "आपल्याकडचं पहिल्यांदा आलंय बे एवढ्या मोठ्या गेममध्ये."

दुसरा म्हणाला, "आलंय, पण चोर म्हणून आलंय. भिंतीच्या आत एक तरी आपल्यासारखा बोलतोय का? आतले सगळे साहेबासारखे बोलतात."

"गेम हाय तो. रडू नको."

तुकड्याखाली लोकांनी लिहिलेलं सलूनवाला वाचून दाखवायला. एकानं लिहिलं, खेड्यातल्या माणसाचा अपमान हाय, बंद करा. दुसऱ्यानं लिहिलं, तुमच्या रडण्यानं गेम लांबला तर बघा. तिसऱ्यानं लिहिलं, म्हातारी जबरदस्त हाय, पहिली गोळी मीच घालणार.

मी म्हणालो, "ती माझी बायको हाय."

मेंढरं तेवढी ओरडायली.

मग एकजण हळूच म्हणाला, "आयला. म्हणजे आजी फेमस झाली की."

तेवढ्यात कुणीतरी माझा आणि मेंढरांचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. संगं लिहिलं, म्हातारीचा नवरा जिवंत हाय, मेंढरांनी आवाज वळखला, म्हातारी मेलीय. लोकांनी तो बघितला. गेमवरनं भांडण लई वाढलं म्हणं. मला त्यातलं काय कळणार? मी रानात होतो. मला एकच सुचत होतं. तिचा फोटो माझ्याकडं न्हाई. माझा फोन बटनाचा. तिचा आवाज आता जगात एकाच जागी उरलाय, आणि तिथं ती माणसं फसवायलीय.

मॅडम परत आली. मालकानं मला बंगल्यावर बोलावलं. बंगला रानातच, माझी मेंढरं मागच्याच पट्टीत जाळीच्या कुंपणात होती. मॅडम खुर्चीवर, मालक खुर्चीवर, कॅमेरेवाला खुर्चीवर. मी घोंगडं टाकून खाली बसलो. खाली बसायचं हे कुणी सांगावं लागत न्हाई. जल्मभर तसंच.

मॅडमनं हात जोडले. "आजोबा, आजी गेल्या हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं." डोळ्यात पाणी होतं तिच्या. खोटं वाटलं न्हाई मला.

मालक म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. ऐक. कॅमेऱ्यापुढं दोन शब्द बोलायचे. बायको राजी होती, मी राजी हाय, आमाला आनंद हाय. झालं."

मी म्हणालो, "ती हाक फसवायची न्हवती."

"म्हणजे?" मॅडम म्हणाली.

मी सांगितलं. रिकामी हाक मारत न्हाईत ते. शेंगा सांगितल्या, भाकरी सांगितल्या. ती ऐकत होती. म्हणाली, "आजोबा, त्या पात्राला पुढे गोष्ट आहे. ती वाईट नाही, भुकेली आहे. हा गेम श्रीमंतांच्याच विरोधात आहे."

"मग चोराला मालकाचं तोंड कावून न्हाई घेतलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं. कॅमेरेवाला खाली बघायला. मालकाचे कान लाल झाले.

"ये धनगरा. जीभ सांभाळ. कुणाच्या रानात बसलास?"

मॅडमनं त्यांना हातानं थांबवलं. मग तिनं तिचा फोन काढला. "आजोबा, आमच्याकडे त्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग आहे. गेममध्ये नाही ते पण. तुम्ही हे दोन शब्द बोला, मी सगळं तुम्हाला नवीन फोनमध्ये घालून देते. कधीही ऐका. नाहीतर ते कंपनीचं आहे, मला देता येणार नाही."

आणि तिनं लावलं.

तिचं हसणं. पदरातनं दबलेलं. "ह्ये काय बाई, मुंगूस बांधलंय का काठीला?" मग माझ्यावर खेकसलेली, "अवं, उभं काय ऱ्हायलाव, ती मागची लंगडी धरा की. जल्म गेला, अजून सांगावं लागतंय."

मी तिथंच होतो आणि न्हवतो. छातीत काहीच झालं न्हाई. दगड. नुसते कान जिते होते.

मग हाक लागली.

मागच्या पट्टीतली मेंढरं उठली. जाळीला येऊन भिडली. जाळी वाकली. लंगडी मेंढी जाळीत मान घालून ओरडायली. मॅडमनं मान वळवून बघितलं आणि तिला बरं वाटलं, हसली. "बघा ना. अजून ओळखतात."

मला दिसलं. हा फोन मी घेतला तर रोज लावीन. रोज मेंढरं धावत येतील. रोज कुणी नसंल. आणि ह्यासाठी मी म्हणायचं की ती चोर हाय हे मला चालतंय.

"बंद करा ते," मी म्हणालो.

तिनं बंद केलं.

"मला नगं. आणि तुमच्यातनं बी काढा. तोंड काढा, आवाज काढा."

"आजोबा, मग तुम्हाला तो परत कधीच—"

"ठावं हाय मला."

मालक उठले. "माजलास व्हय रे? आजवर बरं मालक, बरं मालक करत आलास. दोन शब्द बोलायला काय झिजतंय तुझं?"

जल्मभर मी बरं मालक म्हणालो होतो. थंडीत बी. पाऊस लागला तरी. तिच्या गालाला माती लागली तेव्हा बी ते दोन शब्द तोंडात तयारच होते. आता शोधले तर सापडले न्हाईत.

"न्हाई," मी म्हणालो.

"मेंढरं काढ माझ्या रानातनं. दिवस उगवायच्या आत."

घोंगडं झटकलं. उठलो. मॅडम काय तरी म्हणत होती. वळून बघितलं न्हाई.

सकाळी कुंपणाची जाळी गुंडाळली. घोड्यावर पाल लादलं, भांडी लादली. मेंढरं शिवाराबाहेर न्यायला जवळची वाट होती, ती घेतली न्हाई. काठीनं वळवत गावात आणली. सलूनपुढं थांबवली. रस्ता भरला. एसटी अडकली, डायव्हर हॉर्न बडवायला. मी सलूनच्या पायरीवर चढलो.

"फोन काढ," सलूनवाल्याला म्हणालो. "मला बोलायचंय."

पोरं गोळा झाली. त्यातलाच एक म्हणाला, "आजोबा, जपून. तुमी उलटं बोललाव तर गेम अडकंल. लई पोरं शिव्या देतील."

"देऊ दे."

सलूनवाल्यानं फोन धरला. आमच्यात बायकोचं नाव चारचौघात घेत न्हाईत. मी घेतलं.

"माझ्या बायकोचं नाव सोजर. गेममधली म्हातारी ती न्हाई. तिचं हसू घालवून तोंड घेतलं, ते ह्या गावच्या मालकानं घालवलं, मी बघितलंय. तिनं जल्मात कुणाला फसवलं न्हाई, मेंढराला बी न्हाई. मी राजी न्हाई. ती असती तर ती बी राजी नसती. काढा तिला तिथनं."

एसटीतली माणसं खिडकीतनं बघत होती. कुणी हसलं न्हाई. डायव्हरनं हॉर्न सोडला.

पायरी उतरलो. आता नेकनूरकडं जायचं, पुढं जमलं तर घाटनांदूर, लेकीचं गाव. जिथं मेंढरं बसतील तिथल्या पारावर उभं राहून हेच सांगायचं, तिचं नाव घेऊन, तिथल्या पोरांच्या फोनपुढं. गेम अजून यायचाय. तो यायच्या आत मला लई गावं करायचीत.