आईच्या पायाची साक्ष

आमच्यात लांब निघायचं असलं की गाडीत बसायच्या आधी बायबलातलं एक्याण्णवावं स्तोत्र म्हणायची पद्धत. देव आपल्या दूतांना सांगून ठेवील, तुझ्या पायाला दगडाची ठेचसुद्धा लागणार नाही, असं काहीसं त्यात आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दौंडला लग्न लागलं, जेवणं झाली आणि शिरूरला परतायच्या आधी सगळ्यांनी जीपजवळ उभं राहून डोळे मिटले. स्तोत्र आईनं म्हटलं. न्हावऱ्याच्या अलीकडं, दिवेलागणीला, उसाची ट्रॉली बिनलाइटीची रस्त्यात उभी होती. जीप उलटली. आईच्या शेजारी बसलेल्या मामाला खरचटलंसुद्धा नाही. आईचा उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

पुढच्याच रविवारी मामानं चर्चमध्ये साक्ष दिली. स्तोत्र म्हणून निघालो, म्हणून देवानं सांभाळलं, म्हणाला, आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली. आई तेव्हा दवाखान्यात. मला असा संताप आला की उठून चालती झाले. मामा वाईट माणूस नव्हे हो, आईच्या उशाशी बसून ढसाढसा रडला होता. पण आमच्याकडं साक्ष द्यायला सुखरूप आलेलाच उभा राहतो. ज्याचं मोडलं तो मागच्या बाकावर.

आई संडे स्कूलला शिकवायची. ती घरी आल्यावर पोरं भेटायला आली आणि त्यातल्या एका चिमुरडीनं सरळ विचारलं, "बाई, तुम्ही स्तोत्र म्हटलं नव्हतं का?" आईनं पोरांना खाऊ देऊन वाटेला लावलं. पुढं जयपूर फूट बसला, ती अंगणात चालायला लागली, बाजार करून यायला लागली. चर्चला मात्र जाईना. पोरांपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू, म्हणायची.

मग मी बायबल घेऊन बसले. भक्तीसाठी कसलं, मामाची जिरवायला! आणि सापडलं की. तेच वचन शुभवर्तमानात, प्रभूच्या चरित्रात, परत येतं, आणि तिथं ते म्हणतो कोण, तर सैतान. प्रभूला मंदिराच्या टोकावर नेऊन म्हणतो, टाक उडी, ठेच लागायची नाही. प्रभू काही उडी मारत नाही. मी धावत जाऊन आईला सांगितलं. अपघातानंतर ती पहिल्यांदा खळखळून हसली. माझ्या भावाला सैतान म्हणतीस व्हय गं कार्टे, म्हणाली, आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन पुढची पानं स्वतःच चाळत बसली.

कापणीच्या सणाला प्रत्येक घर शेतातलं, परसातलं काहीतरी वेदीपुढं नेऊन ठेवतं. राहू गावचे पाहुणे गूळ घेऊन आले होते. आमचा भोपळा मी नेणार, आई म्हणाली. भोपळा कडेवर घेऊन ती मधल्या वाटेनं निघाली, जरा लंगडत, पण ताठ. मामा तिला धरायला उठला, तर तिनं भोपळाच त्याच्या हातात दिला आणि एकटी पुढं गेली. वळली आणि पोरांच्या बाकांवर त्या चिमुरडीला शोधलं.

"तू इचारलं व्हतंस ना? म्हटलं व्हतं गं. मीच म्हटलं व्हतं, समद्यांसाठी."

मग ती सगळ्या बाकांकडं वळली.

"ठेच लागणार न्हाई असं लिहिलंय. आन् त्याच पुस्तकात असंबी लिहिलंय, की प्रभूच्या एका प्रेषिताला लोकांनी धोंडे मारून, मेला समजून गावाबाहेर टाकला, आन् तो उठून परत त्याच गावात गेला. दोन्ही लिहिलंय. एक झाकून दुसरं कसं शिकवू तुम्हांला? जीप उलटली तवा माझा भाऊ देवाच्या हातात व्हता, आन् मीबी त्याच हातात व्हते. पाय गेला. मी आले न्हवं परत?"

लगेच बाईंचा हुकूम सुटला, पोरांनो उभं राहा, एक्याण्णवावं, मोठ्यानं. पोरं सुरू झाली. ठेचेच्या ओळीपाशी आली तशी आवाज बारीक झाले, एकमेकांकडं बघायला लागली. आईनं जयपूर फूट उचलला आणि शहाबादी फरशीवर असा आपटला, की मागच्या बाकावरचा म्हातारा दचकला.

"पुन्हा. आवाज येऊ द्या."

पोरांनी ती ओळ पुन्हा म्हटली आणि तिच्यासारखाच पाय आपटला. मग आम्हीही आपटला. सगळ्यांत जोरात मामानं, भोपळा पोटाशी धरून, रडत रडत.