दाराला कान लावणारा बाप

आमच्या पाणीखात्यात त्याला सगळे 'कान' म्हणत. रस्त्याखालचा पाइप कुठे फुटला आहे, हे तो लोखंडी सळई जमिनीला टेकवून, तिच्या वरच्या टोकाला कान लावून सांगायचा. तो बोट दाखवील तिथे मी खणायचो. त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं फार दिवस मनात होतं. जमतील की नाही, देव जाणे.

माणूस कामात चोख, पण घरात नुसता निखारा. एकुलती एक मुलगी नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा हा दारातच म्हणाला, "तुझंच काहीतरी चुकलं असणार. आल्या पावली परत जा." ती गेली, पण नवऱ्याकडे नाही. शिवणकारखान्यात कामाला लागली, तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. मग याला आपलं बोलणं टोचायला लागलं. काम सुटलं की रोज तिचे जिने चढायचा, दार वाजवायचा. आतून हूं की चूं नाही.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं की, आपण देवाला शोधतो असं आपल्याला वाटतं; खरं तर तोच एकेकाला नावानिशी शोधत येतो. चर्चबाहेर पडल्यावर हा माझ्यावरच उखडला.

"नावानिशी म्हणे! मी जन्मभर गळत्या शोधल्या, एकीला तरी नाव विचारलं का? पाणी वाया जातं म्हणून शोधायचं. देवाचंही तसंच असणार."

"पण पोरीकडे जातोस, ते काय वाया जातं म्हणून?" मी चाचरत विचारलं.

"तू खणायचं बघ. डोकं चालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो कामावरून सळईसकट तिच्याकडे गेला. दार वाजवलं, शांतता. ती घरात आहे की नाही एवढं तरी कळावं, म्हणून या शहाण्याने सळई दाराला टेकवली आणि कान लावला. नेमकं तेव्हाच तिनं दार उघडलं. हा सळईसकट उंबऱ्यात आडवा!

"बाबा, मी काय फुटका नळ आहे? लहानपणापासून माझं कुठे चुकतंय तेवढंच ऐकत आलात!"

दार धाडकन बंद.

हे सगळं त्याने मला चराच्या काठावर बसून, दातओठ खात सांगितलं. "गुडघ्यांची वाट लागली. रोज जायचं आणि तोंड पाडून परत यायचं."

"मग सोड ना नाद."

"सोड? अरे, गळती नाही ती, पोर आहे माझी!"

त्याने सळई बाजूला ठेवली. मग म्हणाला, "देवाची दया येते रे मला. किती दारं असतील त्याच्या वाट्याला. त्यातलं एक माझंच."

  मी फावडं उचललं.

त्या संध्याकाळी सळई माझ्याकडे टाकून तो गेला. तिच्या उंबऱ्याशी बसून बंद दाराला म्हणाला, "चूक माझी होती. तुझी चूक शोधायला नाही आलो. मला तू हवी आहेस." दार बंदच. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्याही पुढच्या दिवशी तेच. समोरची बाई वैतागून म्हणाली, "काका, ती ऐको न ऐको, आमचं पाठ झालं!" हा तिच्यावर खेकसला, पण जायचा थांबला नाही.

एकदा आतून आवाज आला, "उद्या येऊ नका."

तो मुकाट्याने उठला. जिन्यापर्यंत पोचला, तेव्हा दारामागून पुन्हा आवाज आला, "उद्या माझी दुपारपाळी आहे. घरी नसेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हे सांगतानाही तो धुमसतच होता.

"दार काही उघडलं नाहीच! आणि उद्या ती किती वाजता सुटते, ते विचारायचं राहूनच गेलं. मूर्ख कुठला मी!"