दहा बाय बाराच्या खोलीत एकोणीस गाड्या

आमची आंबिवलीची खोली दहा बाय बाराची. तिच्यात एकोणीस ट्रक आणि बावीस ट्रेलर मावतात, मग किस्से का नाही मावणार? एक सांगायला घेतला की त्याच्यामागे दुसरा हॉर्न देत उभाच असतो. मी सातवीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही. म्हणून जसे आठवतील तसे सांगते.

आधी गाड्या आल्या कुठून ते. आमचे हे, म्हणजे सुनील, खरेखुरे ट्रेलर ड्रायव्हर. बंदरातून माल उचलायचा आणि इंदूर, नागपूर, कधी त्याच्याही पुढे. श्रावणात ट्रेलरवर चढून ताडपत्री सोडताना पाय घसरला आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने प्लास्टर.

मला रडू आलं. पण खरं सांगायचं तर रडता रडता थोडं बरंही वाटलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदाच नवरा सलग तीन महिने घरात दिसणार होता. आमची परी चार वर्षांची. ती ह्यांना ‘फोनमधले पप्पा’ म्हणायची. प्लास्टर निघालं की शेठ परत लांबच्या लाईनवर पाठवणार, मी परत फोनकडे बघत बसणार, हे एकच मला खात होतं. मला ह्यांच्यासाठी लोकल गाडी पाहिजे होती. भिवंडी ते बंदर, संध्याकाळी घरी.

हे म्हणायचे, “लोकल काय मागून मिळते का? शेठ जुन्या माणसांनाच देतो.”

मी विषय सोडायचे. पण डोक्यातून जात नव्हतं.

*

पडून पडून डोकं फिरेल म्हणून माझ्या दिराने जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात ट्रक चालवायचा गेम. परदेशातले रस्ते, परदेशातला माल. दिराला वाटलं, दादा खूश होईल. ह्यांनी पाच मिनिटं बटणं दाबली आणि हात काढून घेतला.

“बोटांनी गाडी चालवतात का? ती काय शिलाई मशीन आहे?”

दीर म्हणाला, “दादा, स्वतः चालवायची गरज नाही. ड्रायव्हर ठेवायचे. त्यांना गाडी द्यायची, ट्रेलर द्यायचा. ते आपले माल शोधतात, पोचवतात, परत येतात. तू फक्त शेठ व्हायचं.”

शेठ व्हायचं म्हटल्यावर हे उठून बसले. पण पाय उशीवर, कॉम्प्युटर टेबलावर, माऊस हाताला येईना. म्हणून माऊस माझ्याकडे आला. हे पलंगावरून ऑर्डर सोडायचे, मी दाबायचे. आठवड्याभरात ह्यांची झोप वाढली आणि माझी कंपनी.

*

ड्रायव्हर ठेवायचे म्हणजे एक यादी येते. प्रत्येकाचा फोटो, नाव, काय काय येतं त्याचं. हे म्हणायचे, “अनुभव बघ.” मी चेहरा बघायचे. एकाचे डोळे असे चुळबुळे होते की मी म्हटलं, “हा नको, हा ढाब्यावर गाडी लावून गावाला जाईल.”

सासूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. त्या चष्मा लावून मागे उभ्या. एक पिवळ्या केसांची पोरगी आली यादीत. सासूबाई म्हणाल्या, “हिला घे. घरी भांडून आलेली दिसतेय. असली माणसं कामाला चांगली असतात.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी पण अशीच आलेले मुंबईला.”

ती पोरगी आमची सगळ्यात चांगली ड्रायव्हर निघाली.

*

ती नावं आमच्या जिभेला वळेनात. सासूबाईंनी चेहरे बघून नावं ठेवून टाकली. टकला तो दत्तूमामा. जाड भुवयांचा तो गणपत. पिवळ्या केसांची ती शकू. हे सगळे आमचे खरे नातेवाईक, कोण गावाला, कोण उल्हासनगरला.

एकदा खऱ्या दत्तूमामांचा फोन आला. सासूबाईंनी उचलला आणि पहिलंच वाक्य, “तू आज घरी कसा? तुला सकाळीच पोलंडला पाठवलाय.”

मामा म्हणाले, “ताई, सुनीलला फोन दे बरं.” त्यांना वाटलं, पोराच्या काळजीने बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा पत्ता घेऊन दारात हजर. सासूबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पडद्यावरचा टकला दाखवला. मामांनी बराच वेळ निरखून बघितलं.

“गाडी कुठली दिलीय मला?”

*

माझा स्वभाव काळजीचा. ड्रायव्हर वाढले तशी काळजी वाढली. गेममधले ड्रायव्हर फोन करत नाहीत. गेले की गेले, परत आले की पडद्यावर एक ओळ येते, तेवढंच.

भाकऱ्या थापता थापता मी म्हटलं, “गणपत कालपासून बाहेर आहे. जेवला असेल का?”

हे पलंगावरून म्हणाले, “अगं, गणपत नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“म्हणजे तो माणूसच नाही. गेम आहे. त्याला पोट नाही.”

“तुम्ही लाईनवर असता तेव्हा दोन-दोन दिवस फोन उचलत नाही. मग तुम्ही पण नसता का?”

ह्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला. प्लास्टर होतं, बदलता आली नाही.

त्या दिवसापासून मी कंपनीचा नियम केला. लांबून आलेल्या ड्रायव्हरने पुढचे दोन दिवस लांब जायचं नाही. हे हसले. म्हणाले, “अशा मालकिणीकडे सगळं नाक्यावरचं पब्लिक रांग लावेल.”

*

परीने शाळेत सांगितलं, “माझ्या आईकडे एकोणीस ड्रायव्हर आहेत.”

शाळा म्हणजे गल्लीच्या तोंडावरची बालवाडी. घ्यायला गेले तर बाईंनी मला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. म्हणाल्या, “पोरांची टिटवाळ्याला सहल काढतोय. तुमच्याकडची एखादी गाडी मिळेल का?”

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात परी म्हणाली, “नाही मिळणार बाई. सगळ्या जर्मनीला गेल्यात.”

बाईंनी खुर्ची परत घेतली.

*

दसऱ्याला गाड्यांची पूजा करायची असते. ह्यांची गाडी शेठच्या आवारात, हे प्लास्टरमध्ये. सासूबाई म्हणाल्या, “गाडीची पूजा चुकवायची नाही. घरात एकोणीस उभ्या आहेत, त्यांची करू.”

कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. हळदकुंकू लावलं. उंबऱ्यावर नारळ फोडला. इथपर्यंत ठीक होतं. मग सासूबाईंनी आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, चांगलं भरपूर, आणि ते गेलं कीबोर्डात. हॉर्नचं बटण आत जाऊन बसलं.

ट्रकचा हॉर्न सुरू झाला तो थांबेना. दिराने स्पीकरही मोठे आणलेले. हे पलंगावरून ओरडतायत, “वायर काढ, वायर!” मी वायर शोधतेय तर वायरवर हार. परी कानात बोटं घालून नाचतेय. सासूबाई हात जोडून उभ्या, त्यांना वाटलं पूजा पावली.

आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा आत येत नाही, इतकी अरुंद. शेजारच्या कांबळे ताई हातात पीठ तसंच घेऊन धावत आल्या. आधी गल्लीत डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग आमच्या दारात.

“अगं, आत कशी घेतलीस गाडी?”

*

एक ट्रेलर परीने रंगवला. गेममध्ये रंग निवडता येतो. तिने गुलाबी निवडला, त्यावर पांढरी फुलं. मी दिला तिला, बावीसातला एकच तर आहे.

दिलीप भाऊजी भेटायला आले. हे आणि ते एकाच शेठकडे गाडीवर, एकाच दिवशी लागलेले. त्यांनी तो गुलाबी ट्रेलर बघितला आणि चहाचा कप खाली ठेवला. “हा जर माजिवड्याला सिग्नलला थांबला ना वहिनी, तर ट्रॅफिक हवालदार पावती नाही फाडणार, राखी बांधेल.”

सगळे हसलो. मग जाता जाता दिलीप भाऊजी दारात थांबून ह्यांना हळू आवाजात म्हणाले, “शेठ तुझी वाट बघतोय. नागपूरच्या लाईनला माणूस नाहीये. प्लास्टर निघालं की तुलाच टाकणार.”

हळू बोलले, पण दहा बाय बाराच्या खोलीत हळू असं काही नसतं. मी ऐकलं. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

*

प्लास्टर निघालं त्याच्या चौथ्या दिवशी शेठ स्वतः आले. हातात सफरचंदं. आमच्याकडे खुर्ची एकच, ती कॉम्प्युटरसमोर. तिथेच बसले. पडदा चालूच होता.

“हे काय रे सुनील?”

“काही नाही शेठ. टाइमपास.”

सासूबाईंना ते आवडलं नाही. “टाइमपास कसला? सुनेच्या एकोणीस गाड्या आहेत.”

शेठ मोठ्याने हसले. “माझ्या सातच आहेत, मावशी.” मग ह्यांच्या पायाकडे बघून म्हणाले, “चालतोस ना आता? सोमवारपासून नागपूर.”

हे म्हणाले, “हो शेठ.”

माझ्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. परी म्हणाली, “पप्पा परत फोनमध्ये जाणार?”

शेठ चहाची वाट बघत पडद्याकडे बघत होते. तीस वर्षं धंद्यात, गाड्यांची यादी दिसल्यावर राहवतंय का? त्यांनी बोट ठेवलं. “हा लाल गाडीवाला उभा का आहे?”

मी म्हटलं, “लांबून आलाय. आता दोन दिवस जवळचंच. तसा माल मिळेपर्यंत उभा.”

“वहिनी, हा गेममधला माणूस आहे. तो थकत नाही.”

“तुम्ही विचारलंत त्याला?”

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. शेठ म्हणाले, “असा धंदा करतात का? लांबची लाईन म्हणजे लाईन. मोठी गाडी, मोठा माल. तुमची पद्धत चालली तर मी दुकान बंद करेन.”

माझं तोंड माझ्या आधी बोललं. “मग लावा पैज. तीन ड्रायव्हर तुम्ही पाठवा, तीन मी पाठवते. ज्याच्या जास्त गाड्या रिकाम्या परत येतील तो हरला. मी हरले तर हे सोमवारी नागपूरला. तुम्ही हरलात तर ह्यांना लोकल.”

“अगं,” एवढंच हे म्हणाले.

शेठने बाह्या वर केल्या. “मंजूर.”

त्यांनी आपल्या तिघांना सगळ्यात लांब ट्रेलर लावले. मोठमोठी मशीन न्यायचे असतात ना, बुटके, सोळा-सोळा चाकांचे, ते. मी माझ्या तिघांना साधे बंद ट्रेलर दिले, खोक्यासारखे. शेठ म्हणाले, “हे काय, बिस्किटं नेणार?”

मी हो म्हटलं. तीन महिन्यांत मी एवढंच शिकलेले. मशीन पोचवलं की त्या गावात परतीला दुसरं मशीन कोण देणार? बिस्किटं सगळ्या गावांत असतात. ही गोष्ट ड्रायव्हर लोक शेठला रोज नाक्यावर ऐकवत असतील. पण शेठ सोळा चाकं बघून ती विसरले. हे छताकडे बघत होते आणि ओठ घट्ट मिटलेले.

गेममध्ये झोपायचं बटण असतं, दाबलं की तास भराभर जातात. मी दाबलं. सासूबाई चष्मा पुसून पुढे सरकल्या.

पहिली माझी शकू आली, भरलेली. मग शेठचा एक, रिकामा. शेठ म्हणाले, “होतं असं.” मग माझा गणपत आला आणि तोही रिकामा. शेठ खुर्चीत रेलले. परत बटण दाबलं. शेठचा दुसरा, भरलेला. माझा तिसरा, भरलेला. दोघांची एकेक रिकामी, आणि बाहेर राहिलेला एकच, शेठकडून गेलेला दत्तूमामा.

सासूबाई पडद्यावरच्या भावाकडे बघून म्हणाल्या, “दत्तू, जन्मात एकदा तरी बहिणीचं ऐक.”

दत्तूमामा आला. रिकामा.

शेठने चहा संपवला, कप खाली ठेवला. “ज्याने हा गेम बनवला ना, त्याला लाईनमधलं काही कळत नाही.”

“हो शेठ,” हे म्हणाले.

“सोमवारी भिवंडी. सातला ये. उशीर नको.”

परी ह्यांच्या बऱ्या पायावर चढली. मी पटकन ओट्याकडे वळले, काही कारण नसताना भांडी घासायला घेतली.

शेठ दारात गेले. एक चप्पल घातली, दुसरी पायात अर्धी. मागे वळून पडद्याकडे बघितलं.

“वहिनी, तो लाल गाडीवाला रिकामाच आहे ना? नागपूरला येईल का?”

मी म्हटलं, “विचारून सांगते.”