पर्यायी जेवण

१२ जून २०१८. जीव पाच: मोठे दोन, लहान तीन. टेबल चौघांचे.

ओपल स्टिडम हिने केंटकीच्या डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षे काढली. मुलांना कुठे, केव्हा आणि कसे जेवायला बसवावे याविषयी तिची मते ठाम होती आणि ती न विचारताही मिळत. मूल भुकेजण्यापूर्वीच त्याला बसवावे. भुकेल्या मुलाला काय हवे ते विचारू नये; त्या अवस्थेत ते निवडत नाही, रडते. ज्या खाणावळीत मुलांच्या खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या असतात तिथे बसावे, आणि जिथे त्या मागवाव्या लागतात तिथून निघावे. फ्लोरिडातल्या सहलीची आखणी तिची मुलगी केंड्रा करत होती. तिला ही मते पाठ होती, आणि म्हणूनच तिने आखणीचा कागद आईच्या नव्हे, स्वतःच्या फ्रिजवर चिकटवला होता.

"सोमवारी बर्गर, मंगळवारी राजवाडा, बुधवारी पिझ्झा," केंड्राने एप्रिलमध्ये वाचून दाखवले होते.

"आणि राजवाड्यात वेस्टन काय खाणार? मॅकरोनी सोडून तो कशालाच ओळख देत नाही."

"तिथं मॅकरोनी आहे. विचारलंय मी."

"न्याहारीला?"

"आई, राजवाडा आहे तो. मागशील ते मिळतं."

परीकथांच्या त्या मनोरंजन पार्कच्या मध्यभागी असलेल्या राजवाड्यातली न्याहारी साठ दिवस आधी, सकाळी सहाच्या ठोक्याला, आरक्षित करावी लागे. केंड्रा दोन फोन घेऊन बसली होती. न्याहारीच्या वेळी राजकन्या स्वतः प्रत्येक टेबलापाशी येते आणि मुलांची नावे विचारते, हे आठ वर्षांच्या ब्रायलीला दोन वर्षांपासून ठाऊक होते. आपण काय उत्तर द्यायचे हेही तिने ठरवून ठेवले होते. केंड्राने चार नावे भरली: स्वतःचे, आईचे, ब्रायलीचे आणि पाच वर्षांच्या वेस्टनचे.

मे महिन्याच्या अखेरीस जोली आली. सात वर्षांची, एका पिशवीनिशी, तात्पुरत्या सांभाळासाठी. बालकल्याण कार्यालयाच्या बाईंनी तिला केंड्राच्या दारात आणून सोडले तेव्हा ती किती दिवस राहणार हे कुणालाच सांगता येत नव्हते. केंड्राने तिच्यासाठी पार्कचे तिकीट काढले, तिकीट आणि आरक्षण नोंदलेला मनगटावरचा पट्टा मागवला, जांभळा झगा घेतला. न्याहारीचे मात्र तिला वेगळे काही करावेसे वाटले नाही. त्यांच्या डोंगरात चर्चच्या जेवणाला किंवा कुणाच्या घरी एखादे पोर जास्तीचे आले तर सगळे आपापल्या खुर्च्या चार बोटे सरकवतात. खुर्ची सरकत नाही अशीही जागा असते, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आले नाही.

राजवाड्याच्या दारात जुन्या काळचा घेरदार झगा घातलेली ॲश्लिन नावाची तरुणी उभी होती. प्रत्येक मुलीला ती कमरेत वाकून म्हणत होती, "या, राजकन्ये!" ब्रायलीला म्हणाली. जोलीलाही म्हणाली. मग एकेकाने मनगटावरचा पट्टा दाराजवळच्या खांबाला टेकवला. चार वेळा हिरवा दिवा लागला. जोलीच्या वेळी तांबडा लागला.

जोलीने हात मागे घेतला आणि ती एक पाऊल मागे सरकली. "मला भूक नाही," ती म्हणाली. तिला कुणी विचारले नव्हते.

ओपलने हे वाक्य स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतक्या वेळा ऐकले होते की त्याचा अर्थ तिला शब्दांवरून लावावा लागत नसे. ते वाक्य भूक नसलेल्या मुलाने उच्चारल्याचे तिला एकदाही आठवत नव्हते.

"आरक्षण चार जणांचं आहे, मॅडम," ॲश्लिन हातातल्या पाटीकडे पाहत म्हणाली.

"मग माझ्या जागी तिला बसवा. मी बाहेर थांबते."

"खुर्ची पट्ट्याला जोडलेली असते. बदल फक्त आदल्या दिवसापर्यंत करता येतो."

"मग मी आत येते, पण बसत नाही. एकोणतीस वर्षं उभ्यानंच जेवलेय मी. एक दिवस आणखी."

ॲश्लिन हसली, आणि तिचे हसणे खरे होते. मुलगी वाईट नव्हती. "काळजी नको, मॅडम. अशा पाहुण्यांसाठी आमच्याकडे पर्यायी जेवणाची सोय आहे. छान डबा देतो. बाहेरच्या बाकावर बसून खाईल ती, आमचं माणूस सोबत थांबेल."

पर्यायी जेवण. ओपलचा हात आपोआप जोलीच्या खांद्यावर गेला.

२००९ सालची गोष्ट. शाळेत नियम आला होता: ज्या मुलाच्या घरून मोफत जेवणाचा सही केलेला अर्ज परत आला नसेल त्याला गरम जेवण द्यायचे नाही. अर्ज आला की नाही हे रांगेच्या शेवटी, नोंदीच्या यंत्रापाशी कळे. तोवर ताट वाढून मुलाच्या हातात असे. ते काढून घ्यायचे आणि कागदात गुंडाळलेला गार पाव आणि चीजची एक चकती द्यायची. कागदोपत्री त्याचे नाव पर्यायी जेवण. उष्टे मानले जाणारे ते गरम ताट दुसऱ्याला देता येत नसे, म्हणून मुलाच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात ओतायचे. एका गुरुवारी ओपलने लोरीन फ्यूगेट नावाच्या दुसरीतल्या मुलीच्या हातून ताट घेतले. कोंबडी होती, कुस्करलेला बटाटा होता. तिने ते ओतले. लोरीन म्हणाली, "मला भूक नव्हतीच." पुढच्या आठवड्यात ओपल अर्जांचा गठ्ठा घेऊन घरोघरी फिरू लागली, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे अर्ज तिने स्वतः भरले. पण फ्यूगेट कुटुंब तोवर गाव सोडून गेले होते. नियम ओपलने केला नव्हता. ताट मात्र तिच्या हाताने ओतले गेले होते, आणि या दोन वाक्यांपैकी पहिल्याचा आधार तिने कधीच घेतला नाही.

"पाच डबे द्या," ओपल म्हणाली.

"मॅडम, तुमच्या चार खुर्च्या तर आहेत..."

"पर्यायी जेवण चांगलं असेल तर सगळ्यांना चांगलं. वाईट असेल तर तिलाही नको. पाच द्या."

"आई," केंड्रा दबक्या आवाजात म्हणाली, "ब्रायलीकडे बघ जरा."

ओपलने पाहिले. ब्रायलीचा चेहरा हळूहळू आक्रसत होता. ओपलने ते नीट पाहिले आणि मग ती राजवाड्याच्या पायऱ्यांवर, दाराच्या अगदी मधोमध, बसली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे या क्रियेला थोडा वेळ लागला, आणि त्या वेळात रांग आणखी लांबली.

"अहो बाई," मागून टोपीवाल्या एका बापाने आवाज दिला, "आत तरी जा, नाहीतर बाजूला तरी व्हा! आमची राजकन्या केव्हाची सू दाबून उभी आहे."

"मग न्या ना तिला! मी जेवणघर अडवलंय, बाथरूम नाही."

रांगेत कुणीतरी हसले. डबे आले. वेस्टनने पहिल्यांदा झाकण उघडले, आत मॅकरोनी पाहिली आणि राजवाड्याचा विषय त्याच्यापुरता संपला. केंड्रा अजून उभीच होती. मग तिने चपला काढल्या आणि ती आईच्या शेजारी बसली, पण आईकडे न पाहता. ब्रायली दोन पायऱ्या खाली, सगळ्यांकडे पाठ करून बसली.

"मॅमॉ, तू सगळं घाण केलंस," ती समोरच्या कारंज्याला उद्देशून म्हणाली. त्यांच्या डोंगरात आजीला मॅमॉ म्हणतात.

"केलं खरं," ओपल म्हणाली. "आता हात द्या."

जेवणापूर्वी त्या घरात सगळे हात धरतात आणि प्रार्थना म्हणतात. जोलीने दोन आठवड्यांत हे शिकून घेतले होते. तिने एक हात वेस्टनला दिला, दुसरा रिकामा राहिला. ओपल डोके खाली घालून थांबली. प्रार्थना सुरू झाली नाही. रांग पाहत होती. बऱ्याच वेळाने ब्रायलीने मान न वळवता एक हात मागे केला. जोलीने तो पकडला. ब्रायलीचा दुसरा हात केंड्राने पुढे वाकून घेतला. मग ओपलने अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. राजवाड्याचा उल्लेख केला नाही.

त्या सुमारास व्यवस्थापक आला. टायची गाठ घट्ट, आवाज मऊ. "मॅडम, तुमच्यासाठी आम्ही खास अपवाद करतोय. पाचांचं टेबल लावलंय. आत्ताच चला."

ब्रायली ताडकन उठली आणि झग्यावरची धूळ झटकू लागली.

"अपवाद कुणासाठी?" ओपलने विचारले.

"तुमच्या कुटुंबासाठी."

"मग हिला सांगा," ओपल जोलीकडे हात करून म्हणाली. "वाकून सांगा, दारातली ती पोरगी वाकली तसं. म्हणा, खुर्ची तुझीच होती, चूक आमची झाली. एवढं म्हणा, आम्ही आत येतो."

व्यवस्थापकाने इकडेतिकडे पाहिले. "मॅडम, चूक झाल्याचं म्हणायचा अधिकार मला नाही. नियमाप्रमाणेच झालंय सगळं. मी सवलत देऊ शकतो."

"सवलत मला ओळखीची आहे. बसा, पोरांनो."

"आई!" केंड्राचा आवाज फुटला. "दार उघडलंय ना त्यांनी? आता हे जोलीसाठी चाललंय की तुझ्यासाठी?"

प्रश्न रास्त होता, आणि ओपलने त्याला टाळाटाळीचे उत्तर दिले नाही. "माझ्यासाठीही चाललंय," ती म्हणाली. "पण आज असं आत गेलो, तर ही काय शिकेल? दारात केविलवाणं उभं राहिलं की कुणीतरी दया करतं. ते तिला येतंच, केंड्रा. भूक नाही म्हणायला ती आपल्याकडे येऊन शिकलेली नाही. तू ब्रायलीला घेऊन जा आत. मी अडवत नाही, मनातही धरणार नाही."

केंड्राने ब्रायलीकडे पाहिले. ब्रायली दाराकडे पाहत होती. आतून वाद्ये ऐकू येत होती आणि एका निळ्या झग्याची कड क्षणभर दिसून गेली.

"जोली येणार का?" ब्रायलीने विचारले.

जोली मॅकरोनीत काटा फिरवत होती. "मी इथं बसलेय," ती म्हणाली. आवाजात याचना नव्हती, रुसवाही नव्हता.

ब्रायली खाली बसली. ती का बसली हे तिने तेव्हाही सांगितले नाही आणि पुढेही नाही. ती रडत रडत खात राहिली, आणि ओपलने तिला गप्प केले नाही, कारण त्या रडण्यावर मुलीचा पूर्ण हक्क होता. व्यवस्थापकाने रांगेसाठी बाजूचे दार उघडून दिले. टोपीवाला बाप जाताना म्हणाला, "बाई, तुम्ही भलत्याच हट्टी आहात."

"शाळेत पाहिजे होता हा हट्ट," ओपल म्हणाली. त्याला ते कळले नाही.

उरलेल्या चार दिवसांत कुठे जेवायचे ते ओपलने ठरवले, आणि केंड्राने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. पार्कबाहेरच्या हमरस्त्यावर खाणावळी एकीला एक लागून होत्या. ओपल आधी एकटी दारात जाई. आतल्याने "किती जण?" असे विचारले की ती म्हणे, "अजून ठरायचंय," आणि उत्तर ऐकून एकतर पोरांना हाक मारी किंवा पुढे चालू लागे. बुधवारी तीन दारे सोडली. चौथ्यात एका पोर्टो रिकन बाईने भात ढवळता ढवळता, वरही न पाहता, "बसा" एवढेच म्हटले. तिथे ते चार दिवस जेवले. जोलीने पहिल्या दिवशी दोनदा भात घेतला. वेस्टनने कधी नव्हे ते तळलेले केळे ओळखले.

ब्रायली मॅमॉशी बोलली ती परतीच्या वाटेवर, टेनेसी ओलांडताना, आणि तेही खिडकी खाली करायला सांगण्यापुरते. असा प्रसंग पुन्हा आला तर काय करशील, असे केंड्राने ऑगस्टमध्ये आईला विचारले. ओपलने सांगितले की पुन्हा तिथेच बसेन, फक्त पायऱ्यांवर टाकायला उशी घेऊन जाईन.

राजवाड्याच्या वतीने जोलीला कुणी काही म्हटले नाही. ब्रायलीला राजकन्या भेटली नाही. ते देणे ओपलकडे आहे, राजवाड्याकडे नाही. आणि लोरीन फ्यूगेटचे एक गरम जेवण अजून बाकी आहे.